केदार नावाचं क्रियापद

किस्से कुणी गोळा करत नाही. गॅलरीत रिकाम्या बरण्या साठतात तसे ते साठतात. आपण एकही मुद्दाम ठेवलेली नसते, आणि एक दिवस साफसफाईला काढावं तर चाळीस निघतात. माझ्याकडच्या बहुतेक बरण्या एकाच क्रियापदाच्या आहेत. क्रियापद स्पॅनिश आहे आणि बरण्या सावेडीतल्या.

मी पुण्यात स्पॅनिश शिकले, तिथेच काही वर्षं भाषांतराची नोकरी केली आणि लग्नानंतर नगरला आले. (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण एसटीचा कंडक्टर अजून "नगर, नगर" असंच ओरडतो, म्हणून मीही.) सावेडीत एका चष्म्याच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर खोली मिळाली. बाहेर पाटी लावली, "स्पॅनिश भाषा वर्ग". पहिले दोन महिने चौकशीला येणारे लोक स्पॅनिश म्हणजे स्पोकन इंग्लिशचाच एखादा प्रकार समजून येत आणि हिरमुसून जात.

मग तिघं आली ती टिकली. मंदाकाकू, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. संदीप, मूळचा कोपरगावचा, इथे एमआयडीसीत इंजिनिअर. आणि काष्टीचे भानुदासतात्या, लिंबाचे बागायतदार. बुधवार आणि रविवार, दुपारी चार ते साडेपाच.

ते क्रियापद म्हणजे 'केदार'. स्पॅनिशमध्ये लिहितात वेगळं, पण उच्चार अगदी आपल्या केदारसारखा. साधा अर्थ, राहणे.

*

खालचे चष्मेवाले शहाकाका एके दिवशी वर आले. वर्ग सुटला होता, मी फळा पुसत होते. दारातच उभे राहून म्हणाले, "मॅडम, एक बोलायचं होतं. रागावू नका."

"बोला की काका."

"तो केदार. महिनाभर ऐकतोय मी. रोज त्याच्याच नावाने ओरडा. 'केदार नीट म्हणा', 'केदारचं काय झालं', 'केदार पुन्हा चुकला'. आज तर तुम्ही म्हणालात, 'केदारला तोडून दाखवा'. असेल एखादं पोर अभ्यासात कच्चं."

मी त्यांना खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं की केदार हे पोर नाही, क्रियापद आहे. त्याचा मूळ भाग आणि शेपूट वेगळं करायचं असतं, त्याला मी 'तोडणं' म्हणते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. निघताना जिन्यात थांबले.

"असेल," म्हणाले. "पण सगळ्यांसमोर नका बोलू त्याला."

*

या केदारचं दुखणं असं की त्याला अर्थ फार. एका जागी राहणे, शिल्लक उरणे, एखादं ठिकाण अमुक जागी असणे, भेटायचं ठरवणे, कपडा अंगाला बसणे. फळ्यावर मी हे पाच अर्थ लिहिले तेव्हा संदीपने पेन खाली ठेवलं.

"मॅडम, यातला फायनल कोणता?"

मी म्हटलं, सगळेच.

"म्हणजे समोरच्याने हा शब्द वापरला तर त्याला काय म्हणायचंय ते कळणार कसं?"

तात्या मागच्या बाकावर बसायचे. पाठ टेकायला भिंत लागते म्हणून. ते तिथूनच म्हणाले, "का न्हाई कळनार? आपलं कळतंच की. म्या काष्टीला ऱ्हातो. बाजार करायचा ऱ्हायला. डब्यात दोन भाकरी ऱ्हायल्या. पोरगं ऱ्हाऊन ऱ्हाऊन रडतंय. ज्यादा झालं तर ऱ्हाऊ द्या. आता ह्यातलं तुमचं फायनल कंचं?"

संदीपने पेन परत उचललं.

"राहू द्या," म्हणाला.

*

तात्या स्पॅनिश का शिकतात, हे त्यांनी बरेच दिवस सांगितलं नव्हतं. आठवड्यातून दोनदा काष्टीहून दोन दोन तास एसटीने यायचे. वय पासष्ट. फॉर्मवर 'भाषा शिकण्याचा उद्देश' असा रकाना होता, तिथे त्यांनी 'खाजगी' असं लिहिलं होतं.

एका रविवारी मी 'एस्ते से केदा' हे वाक्य फळ्यावर लिहिलं. म्हणजे, हा राहील, याला राहू द्यायचं. तात्यांनी वाक्य वाचलं, परत वाचलं. टोपी काढून बाकावर ठेवली.

"मॅडम, ह्ये वाक्य मला ठावं हाय."

मग सगळं बाहेर आलं. दोन वर्षांपूर्वी तात्यांच्या नातीने त्यांना मोबाईलवर स्पेनमधल्या एका लिंबूवाल्याचे व्हिडिओ लावून दिले होते. तो माणूस बागेत उभा राहून छाटणी शिकवतो. भाषा कळत नसली तरी हात कळतात, असं तात्यांचं म्हणणं. तो माणूस एकेका फांदीला बोट लावायचा आणि म्हणायचा, "एस्ते से केदा." पुढची फांदी, "एस्ते से केदा." तात्यांना वाटलं, ही काप असं सांगतोय.

"म्या एक अख्खी वळ छाटली तशी. तीस झाडं. आत्ता आज कळतंय, त्यो ठेवा म्हनत हुता."

तीस झाडं म्हणजे चेष्टा नाही. मंदाकाकूंनी हळूच विचारलं, "मग गेली का हो झाडं?"

"जातील कशाला. त्या वळीला सगळ्यात ज्यादा लिंबं लागली."

"मग?"

"मग काय. त्येला कळवायला पायजे का न्हाई? त्यो बिचारा अजून उलटंच शिकवतोय लोकास्नी. म्हनून तर शिकतोय मी."

*

मंदाकाकूंचा उद्देश फॉर्मवर स्वच्छ लिहिला होता. 'सुनेशी बोलणे.'

त्यांचा एकुलता एक मुलगा नितीन मेक्सिकोत नोकरीला आहे. तिथेच त्याने लुपे नावाच्या मुलीशी लग्न केलं. लग्न कोर्टात झालं, काकूंनी ते फोनवर पाहिलं. सासू-सून अजून समोरासमोर भेटल्या नव्हत्या. व्हिडिओ कॉलवर नितीन मध्ये बसून भाषांतर करायचा, पण काकूंचा त्यावर विश्वास नव्हता.

"ती पाच मिनिटं बोलते," त्या मला म्हणाल्या होत्या, "आणि हा मला सांगतो, 'ती म्हणते बरं आहे.' छत्तीस वर्षं पोरांच्या कॉप्या पकडल्यात मी, मॅडम. हा मधलं गाळतो."

पहिल्या संक्रांतीला काकूंनी सुनेला काळी साडी आणि शिवलेला ब्लाउज पाठवला. माप फोटोवरून घेतलं. पार्सल पोचल्यावर लुपेने काकूंना थेट मेसेज केला, पहिल्यांदाच, मध्ये नितीन न घेता. खूप आभार मानले होते आणि शेवटी लिहिलं होतं, "मे केदा चिको."

काकूंनी डिक्शनरी काढली. 'मे', मला किंवा माझ्याकडे. 'केदा', राहतो. 'चिको', मुलगा.

माझ्याकडे एक मुलगा राहतो.

बुधवारी वर्गात आल्या त्या भिंतीकडे बघत बसल्या. वर्ग संपल्यावर सगळे जाईपर्यंत थांबल्या आणि मोबाईल माझ्यासमोर धरला.

मी वाचलं. म्हटलं, "काकू, मेक्सिकोत चिको म्हणजे लहान. आणि केदा म्हणजे इथे बसतो. ब्लाउज लहान होतोय तिला."

काकूंनी मेसेज परत वाचला.

"ब्लाउज," म्हणाल्या.

"हो."

"मी नितीनला परवा फोन केला होता. विचारलं, घरात तुम्ही दोघंच राहता ना? तो म्हणाला, हो. मी म्हटलं, नक्की? सगळ्या खोल्या नीट बघ. कपाटंसुद्धा बघ. आणि लुपेला यातलं काही सांगू नको."

"मग?"

"मग त्याने काल कुलूप बदललं."

*

श्रावणातली गोष्ट. मला त्या दिवशी यायला वीस मिनिटं उशीर झाला, स्कूटर पंक्चर होती. किल्ली माझ्याकडेच, त्यामुळे तिघं जिन्यात पायऱ्यांवर बसली होती. पुढचं सगळं मला नंतर तात्यांनी सांगितलं.

काकूंच्या मोबाईलवर लुपेचा मेसेज आला. दोनच शब्द. 'केदे एम्बारासादा.' पुढे कसलंही चित्र नाही, फूल नाही. इतक्या छोट्या मेसेजची काकूंना सवय नव्हती. त्यांनी तो मोठ्याने वाचून दाखवला.

संदीप म्हणाला, "दुसरा शब्द सोपा आहे काकू. इंग्लिशमधला एम्बॅरस. म्हणजे लाजणे. ती लाजून राहिली आहे."

"कशाला लाजेल?"

"ब्लाउजचं कळलं असेल."

तात्या म्हणाले, "बार म्हंजी दारूचा बार आसंल. बारमधी ऱ्हायली आसंल कामाला." आणि मग, आपण फार बोललो असं वाटून, "चांगला बी आसतोय एखादा बार," अशी पुस्ती जोडली.

काकूंनी दोघांचं ऐकून घेतलं. चष्मा पुसला. पहिला शब्द परत वाचला. मग उठल्या, साडीच्या मागची धूळ झटकली आणि जिना उतरायला लागल्या.

"काकू, वर्ग?" संदीपने विचारलं.

"आज नाही. तिला दिवस राहिलेत."

मी पोचले तेव्हा पायरीवर दोघंच होते. मी मेसेज काय होता ते विचारलं आणि म्हटलं, अगदी बरोबर, एम्बारासादा म्हणजे गर्भवती. संदीपला ते पटेना. शब्द तर त्यांना शिकवलेलाच नव्हता.

पुढच्या रविवारी काकू पेढे घेऊन आल्या. संदीपने पेढा हातात घेऊन विचारलं, "पण काकू, तुम्हाला कळलं कसं?"

"पहिला शब्द कळला ना," काकू म्हणाल्या. "राहिले. लग्नाला दीड वर्ष झालेल्या सुनेला राहण्यासारखं दुसरं काय असतं?"

*

त्यानंतर काकूंनी मेक्सिकोला जायचं ठरवलं. पासपोर्ट झाला. स्वेटर विकत घ्यायचा की विणायचा यावर वर्गात दोन तास गेले, ते मी अभ्यासक्रमात धरले. आणि एका बुधवारी काकू आल्या त्या म्हणाल्या, "मी जात नाही."

झालं होतं असं. आदल्या दिवशीच्या कॉलवर लुपेने नितीनला काहीतरी विचारलं. नितीन आईला म्हणाला, "ती विचारतेय, कधी येताय." पण काकूंना वाक्यात केदार ऐकू आला होता. 'क्वांतो', किती. 'तिएम्पो', वेळ. 'केदार', राहणे. किती दिवस राहणार?

"अजून माझं तिकीट काढलेलं नाही," काकू म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच होता, फक्त वही बंद होती. "उंबऱ्यावर पाय ठेवायच्या आधी पाहुण्याला किती दिवस राहणार विचारतात का, मॅडम? आणि मी काय पाहुणी आहे?"

मी म्हटलं, त्यांच्याकडे असं सहज विचारतात, तयारी करायची असते. संदीपनेही तेच सांगितलं. काकूंनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती.

तात्या म्हणाले, "तुमी तिलाच इचारा की. मधी दलाल कशाला? बाजारात बैल बघताना बी दलाल मधी आला की दोन्हीकडचं दोनदा बिघडतं."

काकूंना बैलाचा दाखला आवडला नाही, पण त्यांनी विचारलं. घरी एकट्या बसून वहीत वाक्य लिहिलं, चारदा पाठ केलं आणि सकाळी लुपेला फोन लावला. तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ. नितीन अजून ऑफिसातून यायचा होता. काकूंनी विचारलं, मी किती दिवस राहिलेलं तुला चालेल?

लुपे काय काय बोलली. काकूंना त्यातलं फारसं कळलं नाही. एक शब्द मात्र ती तीनदा म्हणाली, आणि तिसऱ्यांदा म्हणताना रडत होती. काकूंनी तो शब्द जसा ऐकला तसा देवनागरीत लिहून ठेवला आणि पुढच्या वर्गाला वही माझ्यासमोर ठेवली.

'केदेसे.'

"हा केदारच ना?"

"हो."

"तुम्ही मागच्या आठवड्यात शिकवलंत ते. आज्ञार्थी?"

"हो, आज्ञार्थी."

"तू वालं की तुम्ही वालं?"

"तुम्ही वालं. आदरार्थी."

काकूंनी वही स्वतःकडे ओढली, लाल पेन काढलं आणि त्या शब्दासमोर नीट अक्षरात अर्थ लिहिला. मी वाकून पाहिलं. 'राहावं.' त्याच्या पुढे, शाळेतल्या सवयीने, बरोबरची खूण केली होती.

लुपेला आई नव्हती, हे आम्हाला पुढे काकूंच्या मेक्सिकोतल्या फोनवरून कळलं. तेही नितीनने लग्नापासून गाळलं होतं. काकू सहा महिने राहिल्या.

*

काकू तिकडे असताना संदीपची नोकरी जाता जाता राहिली.

त्याच्या कंपनीचा माल स्पेनला जाणार होता आणि तो पास करायला तिकडून रामोन नावाचे एक साहेब येणार होते. पन्नाशी ओलांडलेले, इंग्रजी बेताचं. कंपनीत स्पॅनिश येणारा माणूस म्हणून सगळा पत्रव्यवहार संदीपकडे. रामोन यांनी येण्याआधी मेल केला, 'केदामोस एल लुनेस आ लास दियेस.' भाषांतर: केदामोस, आपण राहू. सोमवार. दहा.

संदीपने मॅनेजरला सांगितलं, "सोमवारी दहा वाजता ते राहणार आहेत."

"राहणार म्हणजे?"

"हॉटेलवरच राहणार आहेत. प्रवासाने थकले असतील."

मीटिंग मंगळवारवर ढकलली. सोमवारी सकाळी मॅनेजर एका साखरपुड्याला गेले आणि संदीप कटिंगला.

बरोबर दहाला रामोन रिक्षातून कंपनीच्या गेटवर उतरले, कारण केदामोसचा इथला अर्थ 'भेटायचं ठरलं'. वॉचमनच्या रजिस्टरला त्यांचं नाव नव्हतं. वॉचमनने विचारलं, "कुणाला भेटायचंय?" रामोन यांनी घड्याळ दाखवलं आणि म्हणाले, "केदामोस. केदामोस."

वॉचमनने इंटरकॉम उचलला आणि स्टोअरमधल्या केदार मोरेला बोलावून घेतलं.

हा केदार मोरे भला माणूस. पाहुणा आपलं नाव घेत आलाय म्हटल्यावर त्याने आधी चहा मागवला. मग स्टोअर दाखवलं, मग सगळं शॉप फ्लोअर, मग पॅकिंग, मग मागच्या बाजूला कामगारांनी लावलेली वांगी. दोन तास तो मराठीत बोलत होता आणि रामोन स्पॅनिशमध्ये. बारा वाजता संदीप कटिंग करून, फोन आल्यामुळे अर्ध्या दाढीनिशी धावत आला, तेव्हा दोघं कँटीनमध्ये जेवत होते.

आठवड्याने रामोन यांचा रिपोर्ट आला. संदीपने तो भाषांतरासाठी माझ्याकडे आणला, स्वतः करायची त्याची हिंमत नव्हती. माल पास झाला होता. शेवटी लिहिलं होतं, 'सर्व काही ठरल्याप्रमाणे पार पडले. यजमान दहाच्या ठोक्याला गेटवर हजर होते.'

*

रामोन चार महिन्यांनी परत आले तेव्हा संदीपने त्यांना वर्गात आणलं. तात्यांच्या समोर पहिल्यांदाच खरा स्पॅनिश माणूस बसला होता. तात्यांनी त्याला छाटणीबद्दल विचारलं. रामोन म्हणाले, मला शेतीतलं काही कळत नाही, पण माझा जन्म खेड्यातला आहे. तात्या म्हणाले, मग रविवारी काष्टीला जेवायला या.

आम्ही गेलो. संदीप, मी आणि रामोन. बाग बघून झाली. तीस झाडांची ती ओळ तात्यांनी पाहुण्याला दाखवली. काकींनी, म्हणजे तात्यांच्या पत्नीने, पडवीत पानं मांडली. बाजरीची भाकरी, आमटी, लिंबाचं लोणचं. रामोन मांडी घालून बसले आणि सवय असल्यासारखे जेवायला लागले.

आठवड्याचा बाजार आदल्याच दिवशी झालेला. तात्या त्याबद्दल सांगत होते. किती जनावरं येतात, किती गावचे लोक येतात, पाय ठेवायला जागा नसते. त्यांच्या स्पॅनिशमध्ये क्रियापदं कमी आणि हात जास्त, पण रामोन यांना कळत होतं. मग आपण एकटंच बोलतोय असं वाटून तात्यांनी विचारलं, तुमच्या गावात किती लोक?

रामोन यांनी घास गिळला. "केदामोस ओन्से," म्हणाले.

ओन्से म्हणजे अकरा. संदीपने लगेच घड्याळ पाहिलं. "अकराला भेटू म्हणतायत. पण अकरा तर वाजून गेले."

"न्हाई," तात्या म्हणाले. "अकरा ऱ्हायलेत."

संदीपने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

रामोन यांनी डाव्या हाताच्या बोटांवर मोजून दाखवलं. आई. आईचा भाऊ. मेंढ्यावाले दोघं सख्खे भाऊ, एकमेकांशी न बोलणारे. बेकरीवाल्याची बायको, बेकरी बंद झालेली. पोस्टातून निवृत्त झालेले एक आणि त्यांची बहीण. एक म्हातारं जोडपं. चर्चची किल्ली सांभाळणारा एक. आणि ते स्वतः, शहरात नोकरीला असले तरी दर शनिवारी जातात, नाव तिथलंच आहे. ते शाळेत होते तेव्हा त्यांच्या एका वर्गात चाळीस पोरं होती. आता शाळेच्या खोलीत मेंढ्यांचं गवत असतं.

मी हे मराठीत सांगत गेले. काकी चुलीपासून उठून दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"साथ आली हुती का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई," तात्या म्हणाले. "कामाला गेली समदी. शहरात."

"आन् परत न्हाई आली?"

"न्हाई."

काकींनी थोडा वेळ रामोन यांच्याकडे पाहिलं. पाहुण्याचं ताट बघावं तसं, काय हवं नको ते.

"ह्ये त्या अकरात धरून हायेत का येगळं?"

तात्यांनी मला काही विचारलं नाही. स्वतःच, एकेक शब्द जोडून, रामोन यांना विचारलं. रामोन म्हणाले, हो, मला धरून अकरा.

"मंग आत्ता तिथं दहाच ऱ्हायले आसतील," काकी म्हणाल्या.

रामोन यांनी माझ्याकडे पाहिलं, त्या काय म्हणाल्या म्हणून. मी वाक्य जुळवत होते आणि ते मला जुळेना. तात्यांनी हातातली भाकरी ताटात ठेवली.

"आओरा केदान दियेस," म्हणाले. आता दहा राहिलेत.

इतक्या दिवसांत तात्या एक अख्खं वाक्य कुठेही न चुकता बोलल्याचं मला आठवत नाही.

रामोन यांनी मान डोलावली. "सी," म्हणाले. "केदान दियेस." मग त्यांनी घड्याळ पाहिलं, बोटांवर तिकडची वेळ मोजली, उठून रांजणापाशी हात धुतले आणि मोबाईल कानाला लावून लिंबांच्या ओळीत लांबपर्यंत चालत गेले. आम्हाला नुसता पांढरा शर्ट दिसत होता.

"जेवन ऱ्हायलं की त्येंचं," काकी म्हणाल्या, आणि त्यांनी ताटावर परात पालथी घातली.